बहात्तर लाख अंकी संख्या आणि देवळालीचे मास्तर

२००४ सालच्या मे महिन्यात एका संगणकाला एक संख्या सापडली. २ चा २,४०,३६,५८३ वा घात करायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ती मिळते. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. एका पानावर अडीच हजार अंक छापले तरी तिला जवळपास २,९०० पानं लागतील, आणि त्या सगळ्या पानांवर वाचण्यासारखं काहीच नसेल. तरी जगभरच्या गणितवाल्यांनी तिची दखल घेतली, कारण ती मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडली तर दुसऱ्या कुठल्याही संख्येनं तिला निःशेष भाग जात नाही. तेव्हा माहीत असलेली ती सगळ्यात मोठी मूळ संख्या होती.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, ल्यूक पेबडी यांनी तिचा आणखी एक गुण दाखवून दिला. ही संख्या देवळाली संख्या आहे. हो, नाशिकजवळचं देवळालीच. तिथल्या एका शाळामास्तरांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कागद-पेन्सिलीवर संख्यांची एक जात शोधली होती आणि तिला आपल्या गावाचं नाव दिलं होतं. मास्तरांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. पेबडींनी हे दाखवलं तेव्हा कापरेकरांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. गणित माझं दहावीनंतर सुटलं. पण कापरेकरांचं गणित कळायला पाचवी पास असणं पुरतं, आणि नेमकी तीच त्यांच्या आयुष्याची अडचण होती. म्हणून आपल्या मंडळाच्या अंकात एका कवीऐवजी यावेळी हा माणूस.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. त्या वेळी तो ठाणे जिल्हा होता, आता पालघर. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचं वेड होतं. पत्रिका मांडायला फार मोठं गणित लागत नाही, पण आकडेमोड भरपूर लागते. बेरजा, वजाबाक्या, भागाकार, बाक्या. आईविना वाढणारा मुलगा वडिलांजवळ बसून ती आकडेमोड शिकला. ग्रहांवर त्याचा किती विश्वास बसला देव जाणे, पण आकडे मात्र कायमचे चिकटले. पुढे ठाण्याला हायस्कुलात असताना कोडी सोडवणं आणि हिशेबाच्या आडवाटा शोधणं हाच त्याचा उद्योग होता.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. विद्यार्थ्यानं केलेल्या स्वतंत्र, नव्या कामाला मिळणारं हे बक्षीस. ज्यांच्या नावाचं ते होतं ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, त्या मानाचे पहिले भारतीय. हे बक्षीस मिळवणाऱ्या मुलानं पुढे परदेशी जावं, निदान एम. ए. करून प्राध्यापक व्हावं असं कुणालाही वाटलं असतं. कापरेकरांनी १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. घेतली आणि १९३० पासून देवळालीला शाळेत शिकवायला लागले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी कधीच घेतलं नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्याच गावात मास्तर होते.

देवळालीची ओळख तेव्हाही लष्करी छावणीची. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणारे गोरे सैनिक बोटीची वाट बघत तिथे पडून असायचे. उकाडा, रिकामपण, आजारपण यांनी त्यांतल्या काहींची डोकी फिरायची, आणि त्यातूनच देवळालीच्या नावावरून इंग्रजीत डूलाली हा शब्द तयार झाला. अर्थ, वेडा. म्हणजे जगाच्या शब्दकोशात या गावानं आधी वेडाचा शब्द दिला आणि मग संख्यांच्या एका जातीला नाव दिलं. कापरेकरांकडे बघणाऱ्या काही विद्वानांना या दोन गोष्टींत फारसा फरक वाटत नव्हता, पण त्याकडे येतेच.

त्यांची पहिली गाजलेली संख्या रेल्वेच्या स्टेशनवरून आली. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर तेव्हा डेम्लो म्हणून ओळखलं जाणारं स्टेशन होतं, आजचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली म्हणून त्या डेम्लो संख्या झाल्या. उदाहरणार्थ १६५. डावीकडचा १ आणि उजवीकडचा ५ मिळवा, मधला ६ येतो. २५५३ बघा, २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये दोनदा ५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. या कुटुंबातल्या सगळ्यात देखण्या संख्या म्हणजे नुसत्या १ च्या रांगांचे वर्ग. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. चढत जायचं आणि तसंच उतरायचं. आज लोकल पकडायला डोंबिवलीच्या पुलावरून धावणाऱ्या गर्दीला कुणी हे सांगितलं तर ती थांबणार नाही, हे मान्य. पण गावाच्या नावावरून संख्येचं नाव ठेवणं मला फार आवडलं. पाश्चात्त्य गणितात संख्यांना बहुतेक वेळा माणसांची नावं मिळतात. कापरेकरांनी आधी एका स्टेशनला मान दिला, मग आपल्या गावाला.

आणि एका जातीला तर त्यांनी सरळ आनंदाचं नाव दिलं. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. हर्षद. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, अशा संख्यांना तर आता कापरेकर संख्या हेच नाव आहे.

मग आली ६१७४. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराला तेच करा. करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता, आणि तिथून पुढे हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावर टिपण छापलं.

मी त्यांचंच जन्मवर्ष घालून बघितलं. १९०५ पासून ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. पूर्ण सात पायऱ्या, एकही कमी नाही. मग म्हटलं आपल्याकडचं एखादं साल घेऊ. बिदरमधला महमूद गवानचा मदरसा १४७२ चा. बहमनी राजधानीतल्या त्या विद्यापीठात गणित आणि खगोलही शिकवलं जाई, आणि तिथली निळी-हिरवी फरशी आजही अर्ध्या भिंतीवर टिकून आहे. ७४२१ वजा १२४७. उत्तर ६१७४, पहिल्याच पायरीला! वहीत ते उत्तर बघून मी एकटीच हसले. याला काही अर्थ नाही हे मला कळतं. पण कापरेकरांना ज्या गोष्टीची चटक लागली होती ती काय असेल याचा थोडा अंदाज त्या क्षणी आला. (पुढच्याच वर्षी, १४७३ मध्ये, कोपर्निकस जन्मला. कॅथलिक चर्चचा सेवक असलेल्या या खगोलज्ञाच्या नावाचा एक जादूचा चौरसही कापरेकरांनी मांडला होता, १९७४ मध्ये तो छापून आला.)

आता अडचणीकडे येते. हे सगळं वाचून तुमच्या मनात जे आलं असेल तेच तेव्हाच्या बऱ्याच भारतीय गणितज्ञांच्या मनात आलं. गंमत आहे, पण हे गणित आहे का? कापरेकर परिषदांना जायचे, निबंध वाचायचे, आणि लोक हसायचे. मोठी नियतकालिकं त्यांचं काम घेत नसत. जे लहान नियतकालिकांतही मावलं नाही ते त्यांनी पदरमोड करून पुस्तिका म्हणून छापलं. छापलं देवळालीला, प्रकाशक म्हणून नाव स्वतःचं, पत्ता स्वतःच्या घराचा. शाळामास्तराच्या पगारात पुस्तिका छापून घेणं म्हणजे काय हे ज्यानं कधी आपला कवितासंग्रह स्वखर्चानं काढलाय त्याला विचारा.

हसणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही लिहायला हवं. जी. एच. हार्डी, म्हणजे रामानुजनना केंब्रिजला नेणारे हार्डी, त्यांनी १९४० मध्ये गणितज्ञाच्या जगण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी असल्याच अंकांच्या चमत्कारांची उदाहरणं दिली. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आहे, आणि २१७८ म्हणजे ८७१२ च उलटी. हार्डींच्या मते हे वर्तमानपत्राच्या कोडं-सदरात शोभेल, गंभीर गणितात याला जागा नाही. यामागचं कारण विचार करण्यासारखं आहे. १७ ही मूळ संख्या आहे, ती तुम्ही देवनागरीत लिहा, रोमन आकड्यांत लिहा, नाहीतर सतरा खडे मांडा. मूळपणा संख्येचा स्वतःचा. पण ६१७४ चा चमत्कार हा आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो म्हणून घडतो. माणसाला आठ बोटं असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर ही संख्या कुणाच्या लक्षातही आली नसती. म्हणजे हा गुण संख्येचा कमी आणि तिच्या कपड्यांचा जास्त.

मला हा मुद्दा पटतो. पण साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मनात येतं की वृत्त, यमक, अनुप्रास हे सगळेही भाषेच्या कपड्यांचेच गुण आहेत. ओवी दुसऱ्या भाषेत नेली की ती सांडते. म्हणून कुणी ओवीला कोडं-सदरात टाकत नाही. आणि दहाच्या पटीचा कपडा तर सगळ्या जगाला सारखा बसतो. आमच्या सीमाभागात एकाच घरात पाढेही असतात आणि कन्नड मग्गीही, जुन्या कागदांवर उर्दू आकडे, दुकानाच्या पाटीवर इंग्रजी. आकड्यांची रूपं चार, पण मांडणी एकच. कापरेकरांचा खेळ या चारही लिप्यांत तसाच्या तसा चालतो.

साठीच्या उंबरठ्यावर असताना कापरेकरांनी जे काढलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कल्पना पुन्हा पाचवीचीच. एक संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतली, २ आणि १ मिळून ३, म्हणून २४. २४ मधून ३०. ३० मधून ३३. ३३ मधून ३९. प्रत्येक संख्या पुढचीला जन्म देते. म्हणून २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना दोन जनक असतात, १०१ ही ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही. मग कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला. जिला जनकच नाही अशी संख्या असते का? असते. २० बघा, कुठल्याच संख्येपासून ती या रीतीनं येत नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८, ११०, अशा त्या पुढे चालत राहतात. इंग्रजीत त्यांनी यांना सेल्फ नंबर्स म्हटलं, आणि देवळाली संख्याही म्हटलं. आपल्या भाषेत त्यांना स्वयंभू म्हणता येईल. घडवलेली मूर्ती वेगळी आणि जमिनीतून आपोआप वर आलेला स्वयंभू देव वेगळा, हा फरक आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. यावरची त्यांची मुख्य पुस्तिका १९६३ ची. निवृत्त होऊन एक वर्ष झालं होतं.

एखादी संख्या देवळाली आहे की नाही हे ओळखण्याची त्यांची रीतही सुंदर आहे. नवाचा ताळा आपल्याला माहीत असतो. कुठल्याही संख्येला ९ नं भागल्यावर उरणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ नं भागल्यावर उरणारी बाकी एकच असते. म्हणजे जनकात त्याच्या अंकांची बेरीज मिळवली की बाकी दुप्पट होते. तेव्हा आपण उलट जाऊन बाकी निम्मी करायची. ९७ घेऊ. ९ आणि ७ सोळा, १ आणि ६ सात. सात विषम आहे, निम्मे होत नाहीत, म्हणून त्यात ९ मिळवून सोळा करायचे आणि मग निम्मे. आठ. म्हणजे ९७ ला जनक असलाच तर त्याच्या अंकांची बेरीज ८ किंवा त्यात ९ मिळवून १७ असणार. दोन अंकांची बेरीज अठराच्या वर जात नाही, तेव्हा या दोनच शक्यता. ९७ वजा ८, ८९. पण ८९ च्या अंकांची बेरीज १७. ९७ वजा १७, ८०. पण ८० ची बेरीज ८. दोघंही नेमके चुकीच्या जागी. म्हणून ९७ देवळाली संख्या. शिवाय ती मूळही आहे.

लक्षात आलं का, दोन अंकी संख्येला दोन तपासण्या लागल्या. तीन अंकीला तीन. सहा अंकीला सहा. जितके अंक तितक्या तपासण्या, बस.

ही रीत हाताशी आल्यावर मी आमच्या भागातले पिन कोड घेऊन बसले. बिदर ५८५४०१ ला जनक आहे, ५८५३६७. कलबुर्गी ५८५१०१ ला ५८५०७३. बसवकल्याण ५८५३२७ ला ५८५३०३. पण भालकी, ५८५३२८, सहाही तपासण्यांत कुणाला सापडत नाही. स्वयंभू! हुमनाबाद ५८५३३० तसंच. मग अर्थातच देवळालीचा पिन घातला, ४२२४०१. तर तिला ४२२३८१ ही जनक निघाली. म्हणजे भालकी आणि हुमनाबाद देवळाली संख्या आहेत आणि देवळाली नाही. भालकीच्या मित्रमैत्रिणींनी हे मिरवायला हरकत नाही.

या संख्यांवर मात्र विद्यापीठांना गप्प बसता आलं नाही. १९७३ मध्ये अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीत त्यांच्यावर पीएच. डी. चा प्रबंध झाला. ज्या माणसानं स्वतः एम. ए. केलं नाही त्याच्या पुस्तिकेवर. १९७४ मध्ये कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या गणित मासिकात या संख्यांबद्दल प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून जगाच्या काही भागात त्यांना कोलंबियन संख्या म्हणू लागले. देवळालीच्या पुस्तिका तिथपर्यंत पोहोचल्या नव्हत्या, दुसरं काय. पुढे १९८२ मध्ये इटलीच्या उंबेर्तो झानिएर यांनी या संख्या किती दाट पसरलेल्या असतात याचं सूत्र सिद्ध केलं. दर दहा संख्यांमागे साधारण एक, हे प्रमाण पुढेही टिकतं. मूळ संख्या पुढे जाऊ तशा विरळ होत जातात, देवळाली संख्या होत नाहीत.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. जगभरचे गणितवेडे ते सदर वाचत. त्या एका लेखानं देवळालीचं नाव जिथे पोहोचायचं तिथे पोहोचलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

पण त्या वर्षांतलं त्यांचं घर डोळ्यासमोर आणलं की हा सगळा गौरव जरा दूरचा वाटतो. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरत नव्हतं. पगार अगदी साधा होता आणि हौसेच्या पुस्तिका स्वखर्चाच्या, तेव्हा पुरणार तरी कुठून. ते गणित आणि शास्त्राच्या शिकवण्या घेऊ लागले. बाहेर सायंटिफिक अमेरिकन आणि घरात शिकवणीची पोरं. आसपासच्या शाळा त्यांना बोलवायच्या, ते जाऊन मुलांना संख्यांच्या गमती सांगायचे. मुलं मात्र हसली तर आनंदानं हसायची, आणि मला वाटतं परिषदेतल्या हसण्यापेक्षा ते हसणं त्यांनी मनाला जास्त लावून घेतलं असावं. १९८६ मध्ये देवळालीलाच ते वारले. नुसत्या १ च्या रांगा, ज्यांचे वर्ग त्यांनी डेम्लोच्या नावानं सजवले, त्यांतली १,०३१ एकांची रांग मूळ असल्याची सिद्धता त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

आता राहिली ती बहात्तर लाख अंकी संख्या. २ चा घात उणे १ अशा मूळ संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) हे मिनिम संघाचे कॅथलिक संन्यासी. पॅरिसच्या मठातल्या खोलीत बसून ते देकार्त, फर्मा अशा त्या काळच्या मोठमोठ्या गणितज्ञांना पत्रं लिहायचे आणि एकाचं काम दुसऱ्याला कळवायचे. १६४४ मध्ये त्यांनी अशा मूळ संख्यांची यादी दिली. यादीत ६७ आणि २५७ हे घात चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते, पण नाव त्यांचंच टिकलं. १९९६ पासून हजारो स्वयंसेवक आपले संगणक जोडून या संख्यांचा शोध घेताहेत. फिंडली यांची २००४ ची संख्या त्याच शोधातली. आज तिचा मान गेलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मेर्सेन संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. पण २००४ च्या संख्येवर एका संन्याशाचं आणि एका मास्तराच्या गावाचं अशी दोन नावं आहेत. पहिलं नाव तिच्या अंगचं, दुसरं तिच्या दहाच्या पटीतल्या कपड्याचं. हार्डींना दुसरं रुचलं नसतं.

एवढी अजस्र संख्या देवळाली आहे हे तपासायचं कसं? तेच, ९७ साठी केलं तसंच. ७२,३५,७३३ अंकांतला प्रत्येक अंक ९ धरला तरी बेरीज ६,५१,२१,५९७ च्या वर जात नाही, म्हणजे जेमतेम आठ अंकी. तेव्हा जनक असलाच तर तो त्या राक्षसी संख्येच्या मागे साडेसहा कोटींच्या आतच कुठेतरी असणार. २,९०० पानांपैकी जवळपास सगळी पानं तशीच्या तशी, फरक पडणार तो शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीत. नवाचा ताळा लावला की त्या साडेसहा कोटींतला नववा हिस्साच उरतो. जितके अंक तितक्या तपासण्या, या मास्तरांच्या हिशेबानं बरोबर ७२,३५,७३३ उमेदवार. त्यांतला एकही जनक निघत नाही.